अकरावी खाच

प्राक्सेदिस ओल्वेराची गाडी कुठल्याही मेकॅनिककडे जात नाही. कारण सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, पण तिच्यासमोर ते कुणी काढत नाही. मेकॅनिक गाडीत बसला की आधी काय करतो? सीट पुढेमागे सरकवतो. त्या गाडीतल्या ड्रायव्हरच्या सीटला सहा वर्षांत कुणी हात लावलेला नाही. तिच्या मुलाने, उरिएलने, एका सोमवारी संध्याकाळी ती जिथे सोडली तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, त्या गाडीला रस्त्यावर यायची बंदी. धुराच्या तपासणीत जसं स्टिकर मिळेल तसे गाडीला दिवस मिळतात. उरिएलच्या गाडीचं स्टिकर हलकं, त्यामुळे ती दारात उभी राहिली आणि तो कोपऱ्यावरून व्हॅन पकडून कामाला गेला. तो परत आलाच नाही. "चांगलं स्टिकर असतं तर गाडीने गेला असता," असं ती वर्षातून एकदा तरी म्हणते, आणि मग आम्ही दोघंही घाईघाईने दुसरं काहीतरी बोलायला लागतो.

उरिएल लांब तंगड्यांचा. प्राक्सेदिस माझ्या खांद्यालाही लागत नाही. म्हणून पाठीशी दोन उशा लावून, हनुवटी स्टिअरिंगला टेकवल्यासारखी ती गाडी हाकते. मी आमच्या या नेसा शहराच्या रस्त्यांवर छत्तीस वर्षं मिनीबस चालवली आहे, मला हे बघवत नाही. एकदा न राहवून म्हणालो, "कोमाद्रे, सीट पुढे घ्या, नाहीतर एक दिवस पाय ब्रेकपर्यंत पोचायचा नाही."

"तुमचं तोंड सगळीकडे पोचतं ना, कोंपाद्रे? तेवढं पुरे."

बाप्तिस्म्याच्या वेळी उरिएलला मी मांडीवर घेतलं, त्याचा मी मानलेला बाप. म्हणून आम्ही एकमेकांना कोमाद्रे-कोंपाद्रे म्हणतो, आणि म्हणूनच मला टाकून बोलायचा तिला पूर्ण हक्क आहे.

तिचा अजून एक नियम आहे. एकदा मी सहज बोलून गेलो, "पोरगा कामसू होता हो." ती कुणाच्या तरी पँटला चेन लावत होती. मशीन थांबवून म्हणाली, "आहे म्हणा." त्यानंतर महिनाभर तिने माझ्याशी अबोला धरला. माझ्या बायकोला मात्र रोज हाक मारायची, मला ऐकू जाईल अशी.

दर शनिवारी ती आणखी तिघींना गाडीत घेऊन जाते. त्या तिघींचीही मुलं अशीच बेपत्ता झालेली. डिकीत फावडी, पाण्याचे कॅन आणि लांब लोखंडी सळया. सळई जमिनीत ठोकायची, उपसून काढायची आणि तिचं टोक हुंगायचं, खाली कुणाला पुरलं असेल तर टोकाला वास येतो. एवढंच काम. मी एकदाच गेलो होतो. पुन्हा गेलो नाही, आणि याची मला लाज वाटते.

मागच्या महिन्यात तिला निनावी फोन आला. जुन्या दगडखाणीच्या मागे, निवडुंगाच्या तिसऱ्या रांगेपाशी बघा, एवढंच बोलून माणसाने फोन ठेवला. चौकशी केली तर कळलं, त्या जागेवर सोमवारी सपाटीकरणाची यंत्रं येणार आहेत. म्हणजे हातात एकच शनिवार. आणि त्याच आठवड्यात गाडी तपासणीत नापास झाली! इंजिनचा दिवा विझेना. स्टिकरची मुदत शुक्रवारी संपणार. त्यानंतर पहिल्याच नाक्यावर पोलीस गाडी उचलून नेणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

मी शेजाऱ्याचं स्कॅनर लावून पाहिलं. दोन नंबरचा ऑक्सिजन सेन्सर. धुराची जाळी असते ना, तिच्या मागे नळीत बसवलेला.

"एवढंच?" ती म्हणाली. "मी खाली शिरते. तुमचं पोट काही मावायचं नाही."

"सेन्सर खाली आहे, कोमाद्रे. पण त्याची वायर तळातून वर येते. तिचा जोड गालिच्याखाली आहे. ड्रायव्हरच्या सीटखाली."

तिने गाडीचं दार लोटून बंद केलं.

"सीट पुढे घ्यावी लागेल," मी म्हणालो. "अगदी शेवटपर्यंत."

"दुसरा काही मार्ग?"

"वायर मध्येच कापून जोडता येईल. पण ओबडधोबड काम. तपासणीच्या वेळी परत दिवा लागला तर मला बोल लावू नका."

तिने गाडीला एक फेरी मारली. टपावर हात ठेवला. मग म्हणाली, "आधी शनिवार. घ्या पुढे. पण लिव्हरला हात मीच लावणार."

गुरुवारी दुपारी आम्ही काम काढलं. तिने शिवणाचा खडू आणून सीटच्या रुळावर बारीक खूण केली. लिव्हर ओढली तर हलेना, सहा वर्षांचा गंज. मी लगेच तेलाचा फवारा मारला, भरपूर, माझ्या सगळ्या कामांसारखा. गंज सुटला, आणि खडूची खूणही तेलाबरोबर वाहून गेली.

"असू दे," ती म्हणाली. "खाचा मोजते. टाके मोजण्यात जन्म गेलाय माझा."

सीट एकेक खाच पुढे येऊ लागली. कट्. "एक." कट्. "दोन." ती देवळात बोलावं तसं बोलत होती. मला मेल्याला गप्प बसवेना. ती शांतता सहन होत नव्हती, म्हणून विचारलं, "शनिवारी किती जणी निघताय?"

"चौघी," ती म्हणाली. कट्. मग थोडी थांबली. कट्. कट्.

माझ्या प्रश्नाने तिची मोजणी हुकली हे मला कळलं, पण मी तोंड उघडलं नाही. उघडायला हवं होतं तेव्हा नेमकं उघडलं नाही.

बाकीचं काम जवळजवळ तिने एकटीने केलं. मी जोड सोडवून दिला. इंजिन दहा मिनिटं चालवून नळी जरा तापवली, म्हणजे आटे ढिले होतात. खोक्याचा पुठ्ठा पसरून ती खाली शिरली, पान्याला पाईप अडकवून त्याला लोंबकळली. जुना सेन्सर किंचाळत निघाला. नव्याच्या आट्यांना पेस्ट लावताना, "टोकाला लावू नका, टोकाला नको," असं मी चारदा सांगितलं, आणि चारही वेळा खालून उत्तर आलं, "बहिरी नाहीये मी." वायर वर घेतली, जोड बसवला. स्कॅनरमधून जुनी चूक पुसून इंजिन चालू केलं. दिवा लागला नाही. पुढे शुक्रवारी गाडी पास झाली आणि शनिवारी चौघी गेल्या. ते आत्ताच सांगून टाकतो, कारण मला सांगायचं आहे ते दुसरंच.

सीट मागे घ्यायची वेळ आली. ती लिव्हर धरून वाकली आणि तशीच राहिली.

"कोंपाद्रे," ती म्हणाली. "किती झाल्या होत्या? दहा की अकरा?"

मला ठाऊक नव्हतं. देवाशपथ ठाऊक नव्हतं. पण तिचा चेहरा बघून मी ठोकून दिलं, "अकरा. मी पण मोजत होतो."

तिने मोजून अकरा खाचा मागे घेतल्या. दोन उशा लावून आत बसली आणि क्लच दाबला. पाय आरामात तळाला टेकला. तिने पुन्हा दाबला. पुन्हा टेकला.

"नाही," ती चिडून म्हणाली. "अजून मागे पाहिजे. माझा उरिएल याच्यापेक्षा उंच होता."

पाय क्लचवर तसाच राहिला. दोन्ही हात स्टिअरिंगवर. तिने ऐकलं होतं आपण काय बोललो ते.

"उंच आहे," मी म्हणालो. "आहे, कोमाद्रे. आहे ना."

तिने लिव्हर ओढून सीट एक खाच मागे घेतली. मग आणखी एक. पाय लांब करून पाहिला. आता तो क्लचपर्यंत पोचत नव्हता.

"घरातून एक उशी आणा," ती म्हणाली.

मी माझ्या डोक्याखालची आणून दिली.