उजव्या डोळ्यावरचा कॅमेरा

माझ्या उजव्या डोळ्याभोवती कोड आहे. सुरुवात झाली तेव्हा मी नववीत होते. कॉलेज संपेपर्यंत डाग भुवईवर चढला, तिचे केस पांढरे करून मोकळा झाला आणि तिथेच थांबला. बाकी अंगावर कुठे नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात ते कुणी कधी सांगत नसे, आणि त्या न सांगण्यापायीच पुढचं सगळं झालं.

आई त्याला ‘ते’ म्हणायची. ‘ते’ वाढलं का, ‘त्या’ला मलम लावलंस का. आत्याला तेवढाही आडपडदा नव्हता. “आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं हो,” असं ती आईकडे बघत म्हणायची. मला बघायला काही स्थळं आली, पोहे खाऊन गेली आणि गप्प झाली. मग वडिलांनी माझ्यासाठी शोधणंच सोडलं. मी रत्नागिरीतच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले आणि माझा प्रश्न सुटला, असं घरच्यांनी ठरवून टाकलं. मला कुणी विचारलं नाही.

धाकटी बहीण माझ्याहून बरीच लहान. गोरी, नाकीडोळी नीटस. तिच्या वेण्या मी घातल्या, तिचा अभ्यास मी घेतला, तिच्या तापात उशाशी मी बसले. लहानपणापासून तिचं एक पालुपद असायचं, “ताई, माझी करवली तूच हं.” बोहल्यावर नवरीच्या मागे हातात पाण्याचा करा आणि दिवा घेऊन उभी राहते ती करवली. बहिणीचा मान तो. मला नवरा नको होता असं मी म्हणणार नाही; हवा होता. पण तो नाद सोडल्यावर मागे एवढीच इच्छा उरली होती, की तिच्या लग्नात तिच्या मागे उभं राहायचं आणि सगळ्यांनी म्हणायचं, ही तिची मोठी बहीण.

कॅमेरा मी घेतला तो दोन हजार सात-आठच्या सुमारास, माझ्या पगारातून. लेन्स बदलता येणारा, मोठा डिजिटल कॅमेरा. पावसाळ्यात इथल्या कातळाच्या सड्यावर जी इवलीइवली फुलं येतात, त्यांचे फोटो मला काढायचे होते. रत्नागिरीत तेव्हा तसला कॅमेरा मिळेना, म्हणून एसटीने आंबा घाट चढून कोल्हापूरला गेले. दुकानदाराने आधी माझ्या मागे कुणी पुरुषमाणूस आहे का ते पाहिलं. मग माझा डोळा पाहिला. मग त्या मालिकेतला सगळ्यांत साधा कॅमेरा पुढे सरकवला.

“शिकाऊ लोकांसाठी हाच. चक्री या हिरव्या चौकोनावर ठेवायची, म्हणजे डोकं लावायला लागत नाही.”

“मला डोकं लावायचंय,” मी म्हटलं. “तो चौकोन सोडून बाकीचं सांगा.”

त्याला बाकीचं येत नव्हतं. माहितीपत्रक घेऊन मी घरी आले आणि चुकतमाकत शिकले. पहिल्याच रविवारी आरे-वारेला गेले तर समुद्र, वाळू, आभाळ सगळं पांढरंफटक आलं. लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र लहान करायचं तर मी मोठं करत होते. पण हळूहळू हात बसला. आमच्याकडच्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, म्हणून पावसाळाभर कॅमेरा पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवायची. वडील म्हणत, “भात शिजवताना लक्ष ठेवा, नाहीतर पानात कॅमेरा यायचा.” घरात माझ्या कॅमेऱ्याची किंमत तेवढीच.

एके दिवशी मागीलदारी अळवाच्या पानावर थांबलेलं पाणी टिपत होते. कॅमेरा उजव्या डोळ्याला, डावा मिटलेला. आई परसातून आली आणि थबकली.

“अगो, अशी किती बरी दिसतेस गो!”

आईने मला बरी म्हणावं याला किती वर्षं झाली होती! मी कॅमेरा तसाच धरून हसले. तेवढ्यात ती म्हणाली, “ते अगदी झाकलं जातं.”

मी कॅमेरा खाली घेतला नाही. घ्यायची लाज वाटली.

त्याच साली दिवाळीच्या आधी बहिणीला नागपूरचं स्थळ आलं. मुलगा पुण्याला नोकरीत, माणसं सालस. ती बघायला आली त्या दिवशी मला आत्याकडे धाडलं. संध्याकाळी परतले तर घरात पेढे वाटणं चालू होतं. मोठी मुलगी कुठे आहे असं त्यांनी विचारलं, तेव्हा वडिलांनी ‘बंगलोरला असते’ म्हणून सांगितलं होतं. मी आजवर बंगलोर पाहिलेलं नाही.

“मग लग्नाला काय सांगणार?” मी विचारलं.

“रजा मिळाली नाही म्हणून सांगू.”

“आणि मी कुठे जाऊ?”

यावर वडील पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून हसले. म्हणाले, “जायचंस कशाला? तू फोटो काढ. एवढा कॅमेरा घेतलायस. स्टुडिओतली बाई म्हणून सांगू. कॅमेरा डोळ्याला असला की कुणाच्या लक्षात येत नाही, ही म्हणते.” ही म्हणजे आई. आई परातीत वाटाणे सोलत होती आणि सोलतच राहिली.

लग्न झाल्यावर कळलंच तर? वडिलांनी त्याचाही विचार केला होता. “एकदा अक्षता पडल्या की कळू दे. मग काय परत पाठवतात? आधी कळलं तर म्हणतील रक्तातच आहे, पोराबाळांत उतरेल. मोडलं तर तुझ्यामुळे मोडेल, हे ध्यानात ठेव.” माझा बाप वाईट माणूस होता असं कुणी म्हणणार नाही. देवळाच्या कमिटीवर होता.

मी बहिणीला माडीवर गाठलं. ती रडली. ती सुंदर रडते. “ताई, दोनच दिवस गं. मग मी स्वतः सांगेन त्यांना.” करवली कोण, हे मी विचारायच्या आधीच तिने सांगितलं, आत्याची मुलगी. मी म्हटलं, “ठीक. पण एक फोटो माझ्याबरोबर काढायचा. शालूत, मुंडावळ्यांसकट. त्यांची माणसं जेवायला गेली की मिनिटभर. मी तो कुणाला दाखवणार नाही.” तिने माझ्या गळ्याला हात लावून शपथ घेतली. त्या एका फोटोवर मी माझं बहीणपण विकलं. स्वस्तात दिलं, पण गिऱ्हाईक एकच होतं.

लग्न मार्गशीर्षात झालं, गावातल्याच एका कार्यालयात. आमच्या गल्लीत कुणाकडे कोणती मासळी शिजतेय ते भिंतीपलीकडे कळतं. पण हे गुपित सगळ्या गोतावळ्याने काय जपलं! एकानेही तोंड उघडलं नाही. उलट मजा आली त्यांना. मामा भर मांडवात ओरडला, “ओ फोटोग्राफर मॅडम, जरा आमच्याकडे पण बघा की!” आणि मावश्या पदर तोंडाला लावून हसल्या. ज्या मावशीला मी आदल्या दिवशी स्टँडवरून रिक्षाने घरी आणलं होतं, तिने मला विचारलं, “तुम्ही कुठल्या?”

मी काम मात्र चोख केलं. घरचं केळवण, सीमांतपूजन, मंगलाष्टकं. अंतरपाट दूर झाला तो क्षण मी असा पकडला, की बहिणीची मान नुकती वर होतेय आणि नवऱ्याच्या ओठावर हसू फुटतंय. आत्याची मुलगी मागे करा धरून उभी होती. तो तिने तिरका धरला होता आणि पाणी शालूवर सांडत होतं. मला ओरडावंसं वाटलं, सरळ धर! पण फोटोग्राफरने ते सांगायचं नसतं. मी खटका दाबला.

सप्तपदी आटोपली, पंगती बसल्या. मी बहिणीला खूण केली. तिने मान हलवली, थांब. दुसरी पंगत बसली. मी पुन्हा तिच्यासमोर गेले. ती नणंदेशी बोलत राहिली. पाठवणीची वेळ झाली, गाड्या दारात लागल्या, तरी माझा फोटो व्हायचाच होता. डोळ्याला कॅमेरा लावून लावून खोबणीत वळ उठला होता.

तेवढ्यात बहिणीची सासू सरळ माझ्याकडे आली. पोळीसारखा गोल, हसरा चेहरा. “सकाळपासून उभ्या राहून फोटो काढून राहिल्या तुम्ही. बाईमाणूस फोटोग्राफर मी तर पहिल्यांदाच पाहिली, बाई! या, आमच्या सुनेसंगं एक फोटो तुमचा पण होऊन जाऊ द्या.” आणि माझ्या हातातून कॅमेरा काढून तिने तिच्या मुलाला दिला.

माझा चेहरा उघडा पडला. वडिलांच्या हातात नारळ होता, तो तसाच राहिला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, जवळ आल्या आणि अंगठा हलकेच माझ्या भुवईवरून फिरवला. त्या जागी बाहेरच्या माणसाने हात लावला तो पहिल्यांदाच.

“माझ्या सख्ख्या बहिणीला आहे हे,” त्या म्हणाल्या. “हातभर आहे. संसार झाला तिचा, नातू झाला. याचं काय घेऊन बसायचं?”

मला वाटलं, सुटलो. आम्ही सगळेच सुटलो. आता फक्त बहिणीने तोंड उघडायचं होतं. एवढं उघडं दार कुणाला मिळतं? मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिच्या शालूचा काठ माझ्या हाताला लागत होता. सासूबाईंनी सहजच विचारलं, “ओळखीच्या आहेत का गं तुमच्या?”

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग म्हणाली, “नाही आई. स्टुडिओतल्या आहेत.” आणि माझ्यापासून पाऊलभर बाजूला सरकून पदर सावरला.

खटका वाजला. नवरदेवाने कॅमेरा मला परत दिला आणि ‘थँक यू’ म्हणाला. मी तो डोळ्याला लावला आणि गाडीत बसणाऱ्या नवरीचे फोटो काढले. आई हुंदके देत होती, तिचेही काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर बसून मी सगळे फोटो एकदा पाहिले. फार चांगले आले होते, आयुष्यात काढलेले सगळ्यांत चांगले. नवरदेवाने काढलेल्या एकात आम्ही दोघी होतो आणि मध्ये पाऊलभर मांडव दिसत होता. मग मी कॅमेऱ्याला त्यातलं कार्ड पुसून टाकायचा आदेश दिला. कॅमेरा एकदाच विचारतो, नक्की ना? वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी हात उगारला होता. पण माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, तो त्यांनी खाली घेतला. मला तेव्हा वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

पंधरवड्याने माझ्या मोबाइलवर नागपूरहून फोन आला. मी उचलला.

“मॅडम,” बहीण म्हणाली. मागून सासूबाईंचा आवाज येत होता, विचार ना गं, अल्बम कधी येतो ते. “मॅडम, आमच्या लग्नाचे फोटो कधी मिळतील?”

“फोटो राहिले नाहीत,” मी म्हटलं. “मी पुसले. सगळे.”

तिला ‘ताई’ म्हणून ओरडायचं होतं, शिव्या द्यायच्या होत्या, रडायचं होतं. शेजारी सासू उभी होती. मी फोन ठेवला नाही, घाई केली नाही. ती काय म्हणते त्याची वाट बघत राहिले.

“ठीक आहे, मॅडम,” ती म्हणाली.