आतल्या खोलीतली आगगाडी

सोलापुरात आले तेव्हा मी चोवीस-पंचवीस वर्षांची असेन. लग्न मोडलं होतं. माढ्याला माहेरी राहिले, तर रोज कुणीतरी येऊन कारण विचारायचं. म्हणून बालवाडीची नोकरी धरली आणि विणकरांच्या वस्तीत एक खोली भाड्याने घेतली. साल त्र्याहत्तर की चौऱ्याहत्तर, आता नक्की आठवत नाही. आजूबाजूला सगळे तेलुगू बोलणारे. दिवसभर मागांची खटखट, आणि संध्याकाळी स्टोव्ह पेटवला की बोलायला कुणी नाही. कधीकधी मी मुद्दाम भांडं जोरात ठेवायची.

बालवाडी एका देवळामागच्या दोन खोल्यांत भरायची. मागच्या अंगणात नळ आणि मोरी. तिथं जायचं तर आतली, बिनखिडकीची खोली ओलांडायला लागायची. दुधाच्या पावडरीची पोती तिथंच रचलेली. आमच्या मदतनीस मावशींनी मुलांना सांगून ठेवलं होतं, "आत बागुलबुवा हाय, गपगुमान बसा." मुलं गप्प बसायची खरी, पण मोरीकडे जायला कुणी तयार नसायचं आणि जमीन पुसता पुसता मावशींचाच जीव मेटाकुटीला यायचा.

मग मी आगगाडीचा खेळ काढला. एकमेकांचे सदरे-झगे धरायचे, झुकझुक म्हणत अंधारातून जायचं आणि अंगणात पोचलं की शिट्टी. आधी मी इंजिन झाले, मग रोज एकेक मूल. आत शिरण्याआधी मी सगळ्यांकडून म्हणवून घ्यायची, "शूर मुलं रडत नाहीत!"

एक मुलगी मात्र गाडीत यायची नाही. चार वर्षांची, दोन घट्ट वेण्या. आई घरी विड्या वळायची, वडील मागावर. ती दारातच बसायची. मुलं हाक मारायची, "रा, रा!" म्हणजे ये, ये. ती मान हलवायची. "भयम," एवढंच म्हणायची. तिला ओढून नेण्याचा मोह मला अनेकदा झाला.

एकदा मी अंगणात उभी राहून गाडीची वाट बघत होते. गाडी निम्म्यावर आली आणि एक पोतं घसरून धप्पकन पडलं. मुलं किंचाळत दोन्हीकडे पळाली. सगळ्यात लहान पोरगा आतच राहिला. त्याचं रडणं ऐकून मी धावले, पण अंगणाकडच्या दारात घाबरलेली मुलं माझ्या पायांना बिलगलेली. त्यांना सोडवेपर्यंत आतून बारीक आवाज आला, "झुक झुक, झुक झुक."

ती होती. दारातून उठून आत गेली होती. हुंदके देत झुकझुक म्हणत होती, नाक वाहत होतं, आणि त्या पोराचा हात धरून ती त्याला अंगणात घेऊन आली. बाहेर येऊन शिट्टीही वाजवली, तेव्हाही रडतच.

मावशी म्हणाल्या, "लई धीराची पोर की वो, बाई! आन् आमी हिला भित्री म्हणत हुतो."

त्या दिवसापासून मी "शूर मुलं रडत नाहीत" म्हणणं सोडलं.

बालवाडी सुटल्यावर हे कुणाला तरी सांगावंसं फार वाटलं. तिच्याच घरी गेले. आईच्या मांडीवर तंबाखूचं सूप. मला बघून ती धास्तावली.

"बाई, काय केली तिने?"

"काही नाही हो. फार शूर आहे तुमची मुलगी."

तिला किती कळलं कोण जाणे. तिने मला चहा दिला आणि पुन्हा विड्या वळू लागली. मी चहा संपेपर्यंत बसले, जरा जास्तच वेळ.

पुढे मुलं अंगणात आपापली जायला लागली. गाडी लागेना, मीही लागेना. मला हवं होतं ते हेच, पण अंधाऱ्या खोलीकडे पळणाऱ्या त्यांच्या पाठी बघताना आत काहीतरी रितं व्हायचं.

दिवाळीनंतर मुलीच्या वडिलांना भिवंडीला काम मिळालं. निघायच्या दिवशी आई तिला भेटवायला घेऊन आली. मी तिच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधून दिली. ती मान खाली घालून उभी राहिली आणि आईने हात धरताच उड्या मारत गेली. वळून बघेल म्हणून मी देवळाच्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिने नाही बघितलं. आत मुलांनी पाटीवरून भांडण काढलं होतं, म्हणून मी परत फिरले.