राजाच्या पोटातलं पोळं

बोम्माण्णा माझ्याबरोबर बागेत माळीकाम करायचा, पण मूळचा नागरहोळेच्या जंगलातला, मध काढणारा. उंच झाडावर त्याचा थोरला भाऊ मारा चढायचा आणि हा खाली दोर धरायचा. माश्यांची परवानगी मागायचं गाणं असायचं त्यांचं. खालून हा एक ओळ म्हणायचा, वरून मारा पुढची. एके दिवशी वरून ओळ आलीच नाही, माराच खाली आला, जागीच गेला. त्यानंतर बोम्माण्णा म्हैसूरला आला.

बागेत गोऱ्यांच्या वेळचे दोन पुतळे उरलेत. राणी संगमरवरी, राजा काशाचा, आतून पोकळ. राजाचा उजवा हात मनगटापासून तुटलाय. त्या उघड्या बाहीतून एका उन्हाळ्यात सातेरी मधमाश्या आत शिरल्या आणि राजा भर दुपारी गुणगुणायला लागला. माणसं तिथल्या बाकांवर बसेनाशी झाली.

मुकादम पुट्टस्वामी म्हणाला, "बोम्मा, हे तुझंच काम. चढ, साफ कर राजाचं पोट."

"आधी माश्यांना विचारावं लागतं, साहेब."

"विचार की! इंग्रजीत विचार पण, राजा आहे तो!"

शिडी मी धरली होती. बोम्माण्णाने बाहीशी तोंड नेऊन एक ओळ म्हटली. गुणगुण एकदम थांबली. तो कान लावून बराच वेळ तसाच राहिला. उतरला आणि माझ्याकडे वळला.

"जयम्मा, मारा आहे गं आत. पुढची ओळ त्यानं म्हटली."

त्यानं पोळं काढलं नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत तिथे बसायचा, गायचा, थांबायचा, हसायचा. नाचणीचा गोळा डब्यात तसाच वाळायचा.

एका रविवारी ठेकेदाराच्या माणसाने बाहीत औषध फवारलं. सोमवारी चौथऱ्यावर मेलेल्या माश्यांचा थर होता. बोम्माण्णाने त्या माश्या पंच्यात भरून झाडाखाली पुरल्या. मग ओळ म्हटली. थांबला. पुन्हा म्हटली.

"जयम्मा, तुला काही ऐकू आलं का?"

आलं होतं. चढून दमलेल्या पुरुषाचा आवाज, काशातून घुमत आलेला. त्यांची भाषा मला येत नाही, पण चाल तीच होती.

"नाही, अण्णा," मी म्हटलं. हो म्हटलं असतं तर तो तिथून कधीच उठला नसता.

चार दिवसांनी तो लेकीकडे निघून गेला. मी गुलाबाच्या वाफ्यांवर बदली मागून घेतली. दुपारी राजाकडे पाठ करून जेवते.