होल्डवरचा ऑइलपेंट

परवा धुळ्यात माझा सत्कार होता, आणि सगळ्यांसमोर मी तिसऱ्याच होल्डवरून घसरून पडले. व्हिडिओ फिरतोय, तुमच्यापर्यंत आलाच असेल… तर आता माझ्याकडूनही ऐका.

नवीन मंडळींसाठी सांगते, मी लीड क्लाइंबिंग करते. उंच कृत्रिम भिंत, त्यावर धरायला होल्ड, कमरेला दोर… हात सुटेपर्यंत जो सगळ्यात वर जाईल तो जिंकला. अकरा वर्षं हेच करतेय. आता तिशी उलटली, त्यामुळे यंदाची भारतीय संघाची निवड चाचणी बहुधा माझी शेवटचीच, आणि ती दहा दिवसांवर आली आहे.

सरावाला माझ्या आवाक्यातली भिंत एकच, धुळ्याच्या क्रीडा संकुलातली. पुण्याला जाऊन राहायचं तर शिरपूरच्या शाळेतली माझी रजा कधीच संपलीय.

तर सत्कार, त्याच संकुलात. शाल, नारळ, आणि बॅनरवर मी… म्हणजे मी नाहीच, बर्फात उभा असलेला कुणी दाढीवाला! खाली नाव माझं. तेही हसून सोडलं. मग प्रमुख पाहुणे म्हणाले, जरा चढून दाखवा.

भिंतीजवळ गेले आणि होल्डवरून बोट फिरवलं. सगळे होल्ड लाल-पिवळे, चकाचक… ऑइलपेंट! अहो, ते मुद्दाम खरखरीत केलेले असतात, त्या खरखरीवरच आमची बोटं टिकतात. संकुलाच्या साहेबांना हळूच सांगितलं, तर म्हणे, "मॅडम, पाहुणे थांबलेत, दोनच पावलं चढा."

चढले. पडले. खाली गादी होती म्हणून हाडं शाबूत राहिली. माइकवरून लगेच घोषणा… ताईंना स्टेजची भीती वाटली! वर टाळ्या.

तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुणे येणार म्हणून गेट रंगवा, कचऱ्याचे डबे रंगवा, झाडांचे बुंधे रंगवा… आणि ज्या खेळासाठी सत्कार करताय तोच बंद पाडून ठेवा! बाई, याला रंग लावला तर चालेल का, एवढं विचारायला एकाचंही तोंड उघडलं नाही.

शाल तिथेच गादीवर टाकली आणि रंग कुणी दिला ते शोधत निघाले. निघाले आमचे रखवालदार नाना! हुकूम साहेबांचा, ब्रश नानांचा. मला बघून खुशीत म्हणाले, "तुन्हा सत्कार शे ना माय, म्हणीसन रंगना दोन हात मारात."

मी फाडफाड बोलले. नानांचा चेहरा एवढासा झाला. घरी येईपर्यंत मलाच लाज वाटायला लागली…

काल पहाटे जाऊन पाहते तर माझी शाल जमिनीवर अंथरलेली, त्यावर भिंतीवरून उतरवलेले खालचे होल्ड, आणि नाना पॉलिश पेपरने एकेक घासत बसलेले. मीही शेजारी बसले. एक पेपर उचलला आणि घासायला लागले.

आणि आज? नानांना पत्र मिळालंय. नवा रंग खरवडून संकुलाच्या मालमत्तेचं नुकसान का केलं, याचा लेखी खुलासा द्या!

साहेब, खुलासा हाच. खरवडणारे हात चार होते, त्यातले दोन माझे. विचारायचं ते मला विचारा, नानांच्या वाटेला जाऊ नका.

नाना, वरचे तीस होल्ड अजून बाकी आहेत… उद्या सहाला येते. पेपर मी आणते.