चुन्याचे गोल

माही पुनम दगड फोडते. लोक विचारतात, रुखमाबाई, तुमची पोरगी करते काय, तं मी हेच सांगते. जीवाश्म-बिवाश्म म्हणतात त्याले, माह्या जिभेवर ते बसत नाई. माजरीच्या कोळसाखाणीतून तिचे बाबा, गुणवंतराव, एकदा डब्यात एक काळा तुकडा घेऊन आले. त्यावर पानाचा ठसा होता, शिरान् शीर दिसे. त्या दिवसापासून पोट्टी कामातून गेली. चंद्रपूर झालं, नागपूर झालं, डॉक्टर झाली, पण सुई देणारी नाई. बाप दम्यानं गेले अन् ही लागली समुद्राच्या मागे. मी म्हणते, बाई, चंद्रपुरात समुद्र कुठी हाय? तं म्हणे, होता आई. माणूस नव्हता, मासाही नव्हता, तेव्हा होता.

जिवतीच्या पहाडावर गोंडांच्या एका गुड्याजवळ, मंजे वस्तीजवळ, तिले तो समुद्र सापडला. उघडा चुनखडक, अन् त्यात पत्ताकोबी अर्धी कापली का दिसते तसे थरावर थर. उथळ पाण्यात बारीक बारीक जीवांनी बांधले म्हणे ते. पण खडकाच्या मागेच सिमेंटवाल्यांची खाण होती, अन् दर ब्लास्टिंगले ती अलीकडे सरके. पुनमले खडकाच्या आतला तुकडा पाहिजे होता. तो तपासून सरकारात गेला तं खडक वाचला असता. खाण आधी पोचली तं सारी गिट्टी. एवढंच भांडण होतं, बाकी सगळं त्यातूनच निघालं.

ड्रोननं वरून फोटो काढायचे म्हणून तिनं एकेका कोबीभोवती चुन्याचा गोल मारला. आता तुम्हीच सांगा, तिकडे चुना कोण मारते? ज्या वावरात खाणवाल्याचा चुना पडला ते वावर गेलं, हे तिथल्या लेकराले माहीत. हिले समुद्राची सारी खबर, अन् एवढी गोष्ट माहीत नाई.

गुड्यातले लोक काठ्या घेऊन धावले. पुनम सांगते, मी खाणीची नाई. कोण ऐकते? पहिली काठी पाठीत बसली, मंग दगड आले. एक कपाळावर लागला, रक्त डोळ्यात गेलं. तरी ही कॅमेरा पोटाशी धरून पडून राह्यली. पोचू नावाच्या माणसानं तिच्या उजव्या हातावर काठी हाणली अन् मनगट मोडलं. वाळलं लाकूड मोडते तसा आवाज आला म्हणे. शेवटी त्याची बायको मंगली मधे पडली. 'मरून जाईन न ती,' म्हणे, अन् नवऱ्याच्या हातची काठी हिसकून घेतली. तेव्हा थांबले.

चंद्रपूरच्या दवाखान्यात पोरीचं तोंड मले ओळखू आलं नाई, इतकं सुजलं होतं. हातात सळई टाकली. त्या पोचूचा हात झडो, खांद्यापासून झडो, असं मी वॉर्डात उभी राहून म्हणली. नर्सबाईनं गप केलं तरी म्हणली. पोलिसात रिपोर्ट दे म्हटलं तं पुनम म्हणे, 'आई, त्यांले आत टाकलं तं खडक कोण राखीन? मी राहते का तिथी?' तळपायाची आग मस्तकात गेली माह्या. वाटलं, दुसरा हात मीच मोडावा.

प्लास्टर निघायच्या आधी ही निघाली. मंग मीही निघाली, हातात काठी घेऊन. पोचू दिसला का टाळकं फोडायचं, ठरवूनच गेली होती. तो मंगलीच्या मागे मान खाली घालून उभा होता. पुनमनं त्याले खडकाजवळ नेलं, डाव्या हाताचं बोट थरांवरून फिरवलं, सारं सांगतलं. त्यानं ऐकून घेतलं.

'मंजे हे मेलेलं हाय?' तो म्हणे.

'मेलेलं हाय, पण जिथल्या तिथी हाय,' पुनम म्हणली. 'मले थोडंसं फोडू द्या.'

'पंच बसतीन, मंग सांगतो.'

काठी काही उगारता आली नाई मले. पण त्याच्या घरचं पाणी मी पेली नाई.

पंच बसायच्या आधीच खाणवाले आले. सुपरवायजरनं कोब्यांवर चुन्याचे ठिपके मारले. जिथी ठिपका तिथी मशीन भोक पाडते, भोकात बारूद जाते. पुनम आडवी झाली तं त्याच्या माणसांनी तिले ढकललं, ती मोडक्या हातावरच पडली. आम्ही मायलेकी तहसिलात पळालो. तिथी साहेबच नाई. इकडे सुपरवायजर जेवाले गेला, अन् पोचूनं ते ठिपके घासून पुसले, पलीकडच्या कोऱ्या खडकावर तसेच मारून ठेवले. मशीनवाल्याले काय, ठिपका दिसला का भोक. सुपरवायजर परत पाहाले आलाच नाई. हे सारं आम्हाले मागून कळलं.

आम्ही आलो तं ब्लास्टिंगचा भोंगा वाजून राह्यला होता. पुनम सुटली खडकाकडे. मी तिचे केस धरले, खाली पाडली अन् वर बसली. ती चावली मले, ओरबाडलं, रांड म्हणली मले. तेवढ्यात जमीन हादरली.

धूळ बसली तं कोब्या जशाच्या तशा. पण बार भलत्या जागी उडाला, दगड गुड्याकडे गेले. पोचूचा बैल तिकडे सुटला होता, त्याले हाकलाले तो गेला होता. बैल वाचला. पोचूचा उजवा हात चामडीवर लोंबत होता, अन् मंगली तो दोन्ही हातांनी धरून बसली होती. दवाखान्यात खांद्यापासून काढला.

मी देवाले काय काय मागतलं आजवर. नवऱ्याचा दमा जाऊ दे म्हटलं, पोरीचं लग्न होऊ दे म्हटलं. एक ऐकलं नाई मेल्यानं, अन् रागात म्हणलेलं तेवढं बरोबर ऐकलं. त्याच दवाखान्यात मी पोचूले वरणभात भरवत होती. तो म्हणे, 'बाई, राहू द्या.' राहू कसं देऊ?

चौकशी लागली, खाण बंद पडली. कधी सुरू होईन, कोणी सांगत नाई, म्हणून पुनमले घाई. पंचांनी हो म्हटलं. पण तिची उजवी मूठ वळत नाई, अन् खडक फोडाले दोन हात लागतात, एक छन्नीले, एक हातोड्याले. तं आता डाव्या हातानं छन्नी पोचू धरते, अन् डाव्या हातानं हातोडा पुनम हाणते. डाव्या हातानं तिचा नेम अजून बसला नाई. मी बाजूले बसून असते, अन् दर घावाले म्हणते, पोट्टे, पाहून मार, त्याच्यापाशी एकच हाय.