कागद कंपनीचा, जीव हारूनभाईचा

विलासने हारूनभाईला फसवलं, आणि त्याला लागणारा कागद मीच करून दिला होता. हारूनभाईला माती देऊन दीड महिना झाला. भेटणारा प्रत्येक जण म्हणतो, "गर्दी होती, नाव कोणाचं घ्यायचं?" मी घेतो.

अंजनगाव सुर्जीला बियाण्याचं दुकान काढायचं म्हणून दोघं माझ्या अमरावतीच्या राजापेठेतल्या फवारणी पंपांच्या दुकानात आले. भांडवल जेमतेम. शून्यातून धंदा उभा करताना मी एकच शिकलो, दुकान बुडालं तरी घर वाचलं पाहिजे. म्हणून म्हटलं, भागीदारी नको, मर्यादित कंपनी करा, म्हणजे देणं कंपनीपुरतं राहतं, घरावर येत नाही. वकिलाशी भांडून निम्म्या फीमध्ये कागद करून दिले. वर हारूनभाईला बजावलं, जे बोलायचं ते कंपनीच्या नावानं. स्वतःचा शब्द कोणाला द्यायचा नाही.

"काहून नाई?" तो हसला. "भाऊ, लोक कंपनीले ओळखत नाईत, मले ओळखतात. त्यायले काय शिक्का दाखवू?"

"शिक्काच दाखव, येड्या!"

ऐकलं नाही. गिऱ्हाइकाचा हात हातात घेऊन सांगायचा, "नाई उगवलं तं माह्या घरी या." आमच्या बाजारात माल असाच खपतो… त्याच्या बापानंही असाच विकला होता.

यंदाच्या मोसमात विलासनं स्वस्तातलं जुनं सोयाबीन नव्या पोत्यांत भरून आणलं. हारूनभाईला म्हणाला, चोख आहे. उगवलं नाही. पेरणी वाया गेलेली माणसं दुकानावर चालून आली, तेव्हा विलासनं माझा कागद काउंटरवर आपटला. "कंपनी मर्यादित आहे, माह्या घराकडं पाहू नका. ज्यानं जबान देली त्याले धरा!" आणि मागच्या दारानं निघून गेला.

त्यांनी धरलं. सळईनं आधी गुडघा फोडला, मग डोकं. "घरी या म्हनत होता ना? चाल, दाखव घर!" असं ओरडत, भर बाजारातून फरफटत त्याच्या उंबऱ्यावर नेऊन टाकला. त्याच्या बायकोनं, शबानाभाभीनं दार उघडलं तेव्हा श्वास होता… अमरावतीला आणेपर्यंत नव्हता.

परवा भाभी शांतपणे म्हणाली, "भाऊ, तुमचा कागद खरा निघाला. घर तं वाचलं." मी आयुष्यात कोणाचं ऐकून घेतलेलं नाही. ते ऐकून घेतलं.

विलास आता अकोल्यात नवी कंपनी काढतो आहे म्हणे. काढ. पण आधी भाभीच्या दारात ये आणि तिच्या डोळ्यांत बघून सांग : पोतं कोणी बदललं, आणि "त्याले धरा" कोण म्हणालं?