चापडा चावल्याची गोष्ट

ताराचंदने जावयासमोर पुन्हा चापड्याची गोष्ट काढली आणि त्याच्या बायकोचं, भागीरथेचं, डोकं फिरलं. लग्न असो, बारसं असो, नागपूरच्या गोळीबार चौकातला एकही पाहुणा या गोष्टीतून सुटला नव्हता.

गोष्ट अशी. गडचिरोलीकडे नणंदेच्या गावी भागीरथा बांबूवर वाळत घातलेली साडी काढायला गेली. तिथे चापडा बसला होता. हा साप बांबूसारखाच हिरवा, तिकोनी डोक्याचा. दिवसभर जागचा हलत नाही, पण डोळा आणि नाक यांच्यामधल्या खळग्याने जवळ आलेली ऊब बरोबर ओळखतो. तिच्या हाताची ओळखली आणि चावला. ताराचंद पडला विणकर, रेशमाचा दोरा कायम खिशात. अंगठ्याजवळच्या दोन बोटांपैकी दात नेमके कुठल्या बोटाला लागले ते कळेना, म्हणून त्याने दोन्ही बोटं मुळाशी करकचून बांधली आणि वर विणकराची पक्की गाठ मारली. नागपूरच्या दवाखान्यापर्यंत ती "सोडा, सोडा" म्हणून रडली. त्याने ऐकलं नाही.

"गाठ होती म्हनून वाचली ही," ताराचंदने नेहमीसारखी मांडीवर हात मारून गोष्ट संपवली.

बोटं मात्र कापावी लागली. मलमपट्टी करताना डॉक्टरीण हळूच म्हणाली होती, "सूज विषाची होती, ती उतरली असती. बोटं दोऱ्याने गेली." भागीरथेने ते गिळलं. नवऱ्याने जीव तोडून केलं, त्याला काय बोलायचं? पण माग बंद पडला. तुटलेला धागा सांधायला तीच बोटं लागायची. आता मागावर गाद्या रचल्या होत्या आणि हा माणूस त्याच गाद्यांना टेकून फुशारक्या मारत होता. तिला रोज वाटे, याच्या तोंडावर काहीतरी फेकावं, पण ती उठून चहा ठेवे.

जावई पियुष मोबाईल टॉवरच्या कामाला भामरागडच्या जंगलात निघाला होता. ताराचंदने रेशमाच्या दोऱ्याची गुंडी काढून त्याच्या हातावर ठेवली. "जवळ ठेवा जावईबापू. चावला का असंच बांधायचं."

"बांधू नका!" भागीरथा इतक्या जोरात ओरडली की पियुषच्या हातून गुंडी पडली. "सापानं नाही नेली माही बोटं. यायच्या गाठीनं नेली. काही चावलं तर हात हलवू नका, सीधे दवाखान्यात जा."

आता हा भडकणार, असं तिला वाटलं. ताराचंदने खाली पडलेली गुंडी उचलली, खिशात टाकली.

"मले मालूम हाये वं. डॉक्टरनं पहिले मलेच सांगतलं होतं."

"मंग काहून सांगत फिरता गावभर?" तिचा आवाज चिरकला.

"तू कधीतरी खोटं म्हनशील, मले चार शिव्या देशील, म्हनून," तो म्हणाला. "दर खेपेले, आज गुंडी देतानाबी, वाट पाहून राहिलो. तू चहाच ठेवत गेली."